राहनाळचे पिस्तूल आणि माझा डावा हात

३ नोव्हेंबर १९७३, शनिवार

आजपासून रोजनिशी लिहिणे भाग आहे. कालच्या प्रकाराच्या राहनाळ गावात चार हकिकती फिरत आहेत आणि चारही खोट्या. खरी कुठेतरी लिहिलेली असावी.

खरी अशी. काल दुपारी मागच्या पडवीत खुडबुड ऐकू आली. मी ह्यांचे पिस्तूल घेऊन गेले. (हे जाऊन दोन वर्षे झाली. लायसन्स रीतसर माझ्या नावावर आहे.) कोण आहे म्हणून विचारले. उत्तर नाही. तेव्हा इशारा म्हणून वर, आढ्याच्या दिशेने एक गोळी झाडली. ती लोणच्याच्या बरणीला लागली. बरणी आढ्यात नव्हती, खालच्या फळीवर होती, हे मी नाकारत नाही. पिस्तुलाचा बॅलन्स वाईट आहे.

पडवीत चोर नव्हता. धाकटे दीर केसरीनाथ होते. हातात मोजपट्टी. माझ्या घराच्या भिंती मला न विचारता मोजत होते. मिशीवरून लोणच्याचा खार ओघळत होता, खिशात कैरीची फोड. शिसारी आली.

गुणाबाई, माझी कामवाली, विहिरीवर सांगते आहे की बाईंनी उंदीर मारला.

४ नोव्हेंबर

भाऊजींनी तक्रार दिली. भिवंडीहून फौजदार आले. तरुण आहे, सभ्य आहे, पण नखे वाढलेली. म्हणाला, बाई, पिस्तूल जप्त करायला मला आवडणार नाही, पण ते तुम्हाला धरता येते हे मला दिसले पाहिजे. एक महिना देतो. तीन डिसेंबरला आमच्या फायरिंगच्या मैदानावर या. नीट चालवलेत तर ठेवा, नाही तर ठाण्यात जमा.

भाऊजी लगेच पुढे सरसावले. म्हणाले, वहिनी, पिस्तूल गेल्यावर एवढ्या घरात एकट्या कशाच्या जोरावर राहणार? धामणकर नाक्याला आमच्याकडे चला. हे घर गोडाऊनला देऊन टाकू, मुंबईचा शेठ मागतोच आहे.

त्यांच्याकडे मी दिवाळीत एक दिवस राहिले होते. खाली कापडाचे लूम, वर माणसे. जमीन सारखी थरथरते. वरणात सुताचा भुगा तरंगतो. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या.

मी फौजदारासमोर सांगितले: परीक्षेत नापास झाले तर ह्या घराच्या किल्ल्या मी स्वतः माझ्या हाताने देईन. भाऊजींनी फौजदाराला साक्षीला धरले. धरू देत. मी एकोणीसशे अडतीसची बी.ए. आहे. सव्वीस वर्षे मुलींची शाळा चालवली. पिस्तुलाला एक आठवडा पुष्कळ झाला.

७ नोव्हेंबर

शिक्षक मिळाले. सुभेदार हिरामण, पडघ्याचे, फौजेतून निवृत्त. हायवेपासून आत एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे शिकवणार. माणूस उंच, ताठ, आवाज चांगला. पण तंबाखू! डाव्या तळव्यावर मळतो आणि तोच हात पँटला पुसतो. पँट काय त्यासाठी असते?

काडतुसे लायसन्सवर मोजकीच मिळतात. त्यामुळे बहुतेक प्रॅक्टिस रिकाम्या पिस्तुलाने.

मी एका हाताने धरून दाखवले. सुभेदारांनी मान हलवली. म्हणाले, तुमच्या मनगटात जोर न्हाय, म्हणून बरणी फुटली. दोन्ही हातांनी धरा.

दोन्ही हातांनी धरले. उजवा वर, डावा तळवा त्याच्या खाली. ते म्हणाले, बाई, तीर्थ घेताय का पिस्तूल धरताय?

मला हसू आले नाही. सभ्य माणसाची दोन हातांनी घेण्याची रीत हीच.

१० नोव्हेंबर

सुभेदारांची खरी पद्धत अशी: उजवा हात मुठीवर शक्य तितका वर. डाव्या हाताची बोटे उजव्या हाताच्या बोटांवरून गच्च गुंडाळायची, मध्ये फट ठेवायची नाही. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढे सरळ. उजव्याने ढकलायचे, डाव्याने खेचायचे. म्हणजे डाव्याने उजव्याला कवटाळायचे.

समजायला दोन मिनिटे लागली. सोपे आहे. प्रश्न समजण्याचा नाही, स्वच्छतेचा आहे. डाव्या हाताची कामे ठरलेली आहेत आणि ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. उजव्या हाताने मी जेवते, पूजा करते, सही करते. त्याच्यावर हा चढवायचा? शाळेत एखादीने वही डाव्या हाताने पुढे केली तर मी ती घेत नसे. मुलगी उजव्या हाताने देईपर्यंत उभी. कितीही वेळ.

संकल्प: डावा हात प्रॅक्टिसपूर्वी कार्बोलिक साबणाने धुणे.

११ नोव्हेंबर

आज पहिली खरी गोळी. खाणीच्या भिंतीला कागद लावला होता. पकड उत्तम होती. गोळी सुटली तेव्हा पिस्तूल आभाळाकडे गेले. कागद कोरा.

सुभेदार म्हणतात, बार निघायच्या आधीच डावा हात सुटला. खाली येऊन तळवा पसरून राहिला, तीर्थाची वाट बघत. मी सांगितले की असे काही झाले नाही. ते म्हणाले, मी शेजारीच उभा व्हतो. मी म्हटले, तुम्ही तंबाखूची पुडी शोधत होता.

शोधतच होते.

१५ नोव्हेंबर

घरी सराव. पिस्तुलाऐवजी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता दोन हातांत धरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम. गुणाबाई भाजी निवडत बसली होती. म्हणाली, बाई, त्या कॅलेंडरानी काय केलाय तुमचा? मी म्हटले, पुढच्या महिन्यातली तीन तारीख. ती म्हणाली, मग पान तरी उलटा, ह्यो नोव्हेंबर हाय. त्याचा काय गुन्हा न्हाय.

फाजील बाई. पण पान उलटले.

नंतर म्हणाली, बाई, तुमचा डावा हात पडतो. तिलाही सुभेदारांनी पढवलेले दिसते.

आज वाणसामान आणायला धामणकर नाक्यावर गेले होते. वाण्याने सुटे पैसे डाव्या हाताने पुढे केले. मी घेतले नाहीत. तो म्हणाला, आजी, पैसे आहेत, घ्या ना. मागे रांग लागली. लोक हिंदीत काहीबाही बोलत होते. अखेर त्याला उजवा हात पुढे करावा लागला. शिस्त अशीच टिकते. आजी कोणाला म्हणतो?

१९ नोव्हेंबर

अडचणीवर तोडगा मिळाला. ह्यांचे लोकरीचे हातमोजे पेटीत होते, महाबळेश्वरचे. डाव्या हातात घातला. आता स्पर्शाचाच प्रश्न नाही. सुभेदार बघतच राहिले. म्हणाले, इतक्या नोकरीत असा शिपाई पायला न्हाय.

मी हे कौतुक समजते.

गोळी झाडली. लोकर घसरली, डावा अंगठा पिस्तुलाच्या मागे गेला. बार होताच पिस्तुलाची वरची बाजू सपकन मागे येते. तिने मोजा फाडला आणि अंगठ्याचे साल काढले. सुभेदारांनी जखमेवर लावायला तंबाखू पुढे केली. पुन्हा डाव्या हाताने!

गोळी मात्र कागदाला लागली. कोपऱ्याला. प्रगती निश्चित आहे.

२४ नोव्हेंबर

भाऊजी आले. मोजपट्टी नव्हती. ओट्यावर बसले, चहा घेतला, बशीत ओतून फुर्रफुर्र प्यायले. मग म्हणाले, वहिनी, खरं सांगू? त्या दिवशी गोळी कानाजवळून गेली. तेव्हापासून दार वाजलं तरी मी दचकतो. तुम्हाला घरातून काढायचं म्हणून नाही बोलत. उद्या कोणी मेलं तर? पोरं लगोरीचा चेंडू आणायला ह्याच पडवीत शिरतात.

मी म्हटले, मी नेम आढ्यावर धरला होता. ते म्हणाले, तेच तर म्हणतो, आणि बरणी खाली होती.

जाताना म्हणाले की कमळने (माझी जाऊ) माझ्यासाठी खिडकीजवळ पलंग टाकून ठेवला आहे. गुलाबी पडदाही शिवला आहे. गुलाबी! मी नापास होणार हे तिने गृहीतच धरले आहे.

पोरांना आजच पडवीबंदी केली. ह्यापलीकडे काय करायचे असते?

२८ नोव्हेंबर

सुभेदारांशी वाद. ते म्हणतात, परीक्षा पुढे ढकला, मी फौजदाराशी बोलतो. डाव्या हाताला अजून उजव्याची सवय झालेली न्हाय. मी म्हटले, तो माझा हात आहे, माझे ऐकतो. ते म्हणाले, बाई, त्योच एक तुमचा ऐकत न्हाय.

शिवाय एक फालतू नियम: पिस्तूल हातात असताना तोंड कायम टार्गेटकडे, कोणी हाक मारली तरी वळायचे नाही. हा नियम ते रोज सांगतात. मी मतिमंद नाही.

आता स्वतःची पद्धत वापरायचे ठरवले आहे. डावा हात खालीच ठेवायचा. जो हात आधीच खाली आहे तो खाली पडणार कसा? ही साधी गोष्ट फौजेतल्या लोकांना सुचत नाही.

२ डिसेंबर, रविवार

अंगठा बरा. भूक उत्तम. फौजदाराला पास झाल्यावर नखांबद्दल सांगणार आहे. गुणाबाईला नवी बरणी आणायला सांगितली, कैरी येईल तेव्हा येईल. ती म्हणाली, बरणी हितं लागंल का नाक्यावर? असल्या प्रश्नांना उत्तर देऊ नये.

पुढच्या आठवड्यात पडवीच्या दाराला नवी कडी.

३ डिसेंबर, संध्याकाळ

झाल्या प्रकाराची चर्चा गावात सुरू झालीच असेल. तरी खरे ते लिहिते.

मैदानावर फौजदार, सुभेदार, भाऊजी आणि नामा नावाचा एक शिपाई. मी माझ्या पद्धतीने उभी राहिले. पहिली गोळी टार्गेटच्या मागच्या टेकडीला लागली. म्हणजे दिशा बरोबर होती. फौजदार म्हणाला, शांतपणे घ्या बाई, अजून चार आहेत.

तेवढ्यात नामा माझ्याजवळ आला. कानात घालायला कापूस घ्या, म्हणाला. आणि कापूस डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात टोपी खाजवत होता.

आता ह्यावर गप्प बसायचे? मी वळले. त्याला विचारले की घरी हेच शिकवले का. देवाने उजवा हात टोपी खाजवायला दिला का. मी मुलींना बोलताना पट्टी हलवत असे. हातात पट्टी नव्हती. जे होते ते हलवले.

नामा आडवा झाला. फौजदार आडवा झाला. सुभेदार आणि भाऊजी झोपलेले आधीच होते. सगळे मातीत तोंड घालून. मला वाटले पोलिसांची काहीतरी कवायत असेल. मी बोलणे पूर्ण केले. कापूस शेवटी त्याने पडल्या पडल्या उजव्या हाताने वर धरला. मी घेतला.

सुभेदार जमिनीवरून हलक्या आवाजात म्हणाले, बाई, टार्गेट तिकडं हाय.

फौजदार उठला तेव्हा त्याच्या दातांत माती होती. उरलेल्या चार गोळ्या त्याने झाडू दिल्या नाहीत. ही परीक्षा अपुरी आहे. पेपर अर्धा असताना काढून घेतला तर निकाल कसा लावणार?

४ डिसेंबर

लावला. पिस्तूल परवापर्यंत ठाण्यात जमा करण्याचा लेखी हुकूम. सुभेदार येऊन गेले. फी घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, बाई, मीच कच्चा पडलो. मी म्हटले, ते उघड आहे. थोडा वेळ ओट्यावर बसले. आज तंबाखू काढली नाही.

शब्द दिला होता. शब्द म्हणजे शब्द. शिवाय कमळची मुले अभ्यासात ढ आहेत, जिन्यातल्या पिचकाऱ्या बंद करायच्या आहेत, त्या घराला शिस्तीची गरज आहे. मी जाते आहे ती त्यांच्या सोयीसाठी.

आज पडवीत बराच वेळ बसले. भिंतीवर लोणच्याचा डाग अजून आहे. गुणाबाई घासायला लागली, तिला नको म्हटले.

६ डिसेंबर, गुरुवार

भिवंडी ठाण्यात गेले. बरोबर सुभेदार आणि भाऊजी. टेबलापलीकडे नामा. त्याने ह्या वेळी आठवणीने उजवा हात पुढे केला. द्या बाई, म्हणाला.

मी दिले. निदान देत होते. त्याने ओढले, पण ते आले नाही. पुन्हा ओढले. भाऊजी म्हणाले, वहिनी, सोडा. माझ्या काही लक्षात येईना की अडले कुठे. मग सुभेदार वाकून माझ्या हातांकडे बघायला लागले. डाव्याची बोटे उजव्यावर गच्च, मध्ये फट नाही, अंगठे दोन्ही पुढे, सरळ. ते हळूच म्हणाले, ही बगा. हीच पकड.

मग मी सोडले.

दिल्याची नोंद:

बत्तीस बोअरचे पिस्तूल, रिकामे, चामडी म्यान, उरलेली काडतुसे. नामा शिपायाला. दोन्ही हातांनी.

लोकरीचा मोजा, एक, उजव्या हाताचा. सुभेदारांनी आठवण म्हणून मागितला. उजव्या हाताने.

राहनाळच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा, पडवीच्या नव्या कडीच्या कुलपासह. केसरीनाथभाऊजींना. डाव्या हाताने.