गुलाबी चेहऱ्याखालचा रंग

आई,

१. तू गेल्यानंतर अकरा वर्षांनी आपली कासारवाडीची खोली रिकामी केली. तुझ्या डब्यात नऊ मावळे सापडले. मातीचे, चार बोटं उंच, दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे.
२. आठांचे चेहरे तपकिरी आहेत, प्रत्येकाचा तपकिरी वेगळा. नवव्याचा गुलाबी.
३. निगडीत अशा मावळ्यांचं प्रदर्शन भरतंय. भरवणारे सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आहेत. पुस्तिकेसाठी त्यांना नऊही मावळ्यांचे फोटो शनिवारी हवेत.
४. गुलाबी रंग मी दिला होता.

चाकणला माझं काम रंग जुळवण्याचं आहे. गाडीचा पत्रा एकीकडे रंगतो, प्लास्टिकचा बंपर दुसरीकडे, आणि शेजारी बसवल्यावर दोन्ही एकच दिसावे लागतात. मी रंग मोजायचं यंत्र टेकवते आणि आकडे वाचते. डोळ्यावर विसंबायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. मावळ्यांचा पहिला फोटो फोनने काढला, तर त्याने आठही चेहरे आपणहून उजळ केले. मग कॅमेरा आणला, रंग खरे यावेत म्हणून बाजूला राखाडी कार्ड ठेवलं, खिडकीच्या उजेडात पुन्हा काढले. तेव्हा कुठे तुझे रंग होते तसे आले. फोन अगदी तुझ्याकडून मावळे रंगवून घेणाऱ्या त्या व्यापाऱ्यासारखा वागला होता.

मला अजून दिसतं, तो मावळ्यांची पाटी घेऊन दारात उभा आहे. म्हणतो, "वहिनी, असले काळे मावळे कोण घेईल? गिऱ्हाइकाला गोरे लागतात." तू ब्रश न थांबवता म्हणतेस, "दिवसभर उन्हात गड चढणारा माणूस गोरा ऱ्हातो व्हय?" तो हसला, पण पाटी तिथेच ठेवून गेला. आठ मावळे तू बाजूला काढलेस आणि बाकी सगळे दोन दिवसांत गुलाबी करून दिलेस. मी सहावीत होते. वर्गातल्या मुली ते काळे मावळे बघून गेल्या होत्या, आणि सगळे करतात तसं तू का करत नाहीस, असं मी तुला जेवताना विचारलं. दुसऱ्या दुपारी माझ्यासमोर बसून तू आणखी एक तपकिरी चेहरा रंगवलास. तू पाणी भरायला गेलीस तेवढ्यात मी त्याच्यावर उरलेला गुलाबी फिरवला. परत आल्यावर तू तो दाराशी नेलास, उजेडात वळवून पाहिलास. "रंग सारखा बसलाय. पण खालचा आधी वाळू द्यायचा असतो," एवढंच म्हणालीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी पप्पांचा हात टेबलावर होता. यंत्र घरी आणलेलं होतं, म्हणून सहज टेकवलं. मग मावळे मोजले. तिसऱ्याचा चेहरा आणि पप्पांचा हात यांत डोळ्याला कळणारच नाही इतका कमी फरक निघाला. कासारवाडीच्या शेजारच्या मावशी पप्पांना भेटायला आल्या, त्यांचाही हात मोजला. तो पाचव्याशी जुळला. कातडी वयाने बदलते, ऑइल पेंटही जुना होतो, त्यामुळे याला मी पुरावा म्हणणार नाही. पण साखरेची वाटी देताना तू मावशींचा हात हातात धरून ठेवायचीस ते आठवलं. मला तेव्हा वाटायचं, तुला गप्पा आवडतात. लाल, पिवळा, काळा, पांढरा असे चार डबे, स्वयंपाकघरातली एक वाटी आणि दारातलं दुपारचं ऊन, एवढंच तुझ्याकडे होतं. आमच्याकडे याच कामासाठी वेगळ्या दिव्यांची अख्खी खोली आहे. मी आकडे तीनदा तपासले आणि मग यंत्र स्वतःच्या हातावर टेकवलं.

माझा हात आठांपैकी कुणाशीही जुळत नाही.

गुलाबी थर रसायनाने निघेल. पण तो ओल्यावर चढलाय, त्यामुळे खालचा तुझा रंगही बरोबर निघून जाण्याची शक्यता जास्त आहे. मग तो रंग कुणाच्या हाताचा होता हे कधीच मोजता येणार नाही. तसाच राहू दिला, तर तो चेहरा तुझ्या नावाखाली छापला जाईल. सरांनी फोनवर विचारलं तेव्हा, नऊही चेहरे आईनेच रंगवलेत, असं मी सांगून बसले आहे. अजून दुरुस्त केलेलं नाही.

काढू की राहू दे? शुक्रवारी रजा टाकली आहे. गुरुवारपर्यंत कळव.