मावशी, कविताच्या गोळ्या थांबल्या

प्रिय मावशी,

आज डॉक्टरांनी कविताच्या मनाच्या दुखण्यावरच्या गोळ्या बंद केल्या. हळूहळू कमी करत आणल्या होत्या, आज संपल्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आईला सांगायला पाहिजे." आणि रिक्षात बसल्यावर दोघींना आठवलं. तुम्हाला जाऊन सहा महिने झाले, तरी अजून असंच होतं. म्हणून लिहितेय.

तुम्ही तिची सुपारी फोडलीत, त्याच्या आदल्याच दिवशी तिने तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना? "मला वैशालीबरोबर संसार करायचाय." तुम्ही म्हणालात, "पोरीपोरींचं कुटं लगीन अस्तं व्हय? सासरी गेलीस की इसरशील." मावशी, तेव्हा जरा तिच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंत!

आठ दिवसांनी कविताने जीव द्यायचा प्रयत्न केला.

लोणावळ्याच्या दवाखान्यात मी शिलाईचं दुकान उघडं टाकून धावत आले, तर दारातच अडवलं. "पेशंटच्या कोण तुम्ही?" मैत्रीण म्हटलं. "फक्त नातेवाईक." काय सांगणार होते मी? आमच्या नात्याला कागदावर नावच नाही. तेवढ्यात बाकावरून तुम्ही उठलात. "माझी लेक हाय ती. सोडा तिला आत."

त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर तुमच्या पाया पडेन.

पण रागही होता हो! संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "वैशे, म्याच ढकलली का गं तिला?" आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुढे डॉक्टरांनी समजावलं, एकाच कारणाने कुणी इथवर येत नाही, कोणा एकाला दोष देऊ नका. पण त्या संध्याकाळी मी तुमचा हात धरायला हवा होता. तेवढं राहूनच गेलं.

मुलाकडच्यांना नकार सांगायला तुम्ही एकट्याच गेलात. एसटी चुकली, तर चालत. चपलेचा अंगठा तुटला होता, चप्पल हातात घेऊनच घरी आलात. भाऊंनी, म्हणजे तुमच्या थोरल्याने, महिनाभर अबोला धरला. तुमचं एकच, "मला लेक जिती पायजे."

कविता माझ्याकडे राहायला आली, आणि मग सुप्रीम कोर्टाचा आमच्यासारख्यांच्या लग्नाबद्दलचा निकाल आला. कविता टीव्हीसमोरून उठली ती अंथरुणातच. जेवण नाही, बोलणं नाही. मी घाबरून तुम्हाला फोन केला. दुपारी तुम्ही दारात हजर, डब्यात तांदळाची भाकरी आणि वांग्याचं भरीत.

"काय म्हनलं कोर्ट?"

"लग्नाचा हक्क आत्ता देता येत नाही. कायदा संसदेनं करायचा."

"आन तवर पोरींनी उपाशी राहायचं व्हय? ऊठ गं कविते. आदी जेव, मंग डाक्टरकडं जाऊ. रडायचं तर तितं रड, त्यांना कळतं त्यातलं."

तुम्हीच तिला पुन्हा घेऊन गेलात. ती बोलत असायची आणि बाहेर तुम्ही शेंगा सोलत बसायचात!

आणि स्वतःची छाती दुखत होती, ते मात्र कुणाला सांगितलं नाहीत. का हो? आम्ही धावत आलो नसतो का?

भाऊ परवा आले होते. नव्या तांदळाचं पोतं दारात टेकवलं आणि म्हणाले, "दोघींनी खा." एवढंच. चहासुद्धा उभ्यानेच घेतला. पण 'दोघींनी' म्हणाले, मावशी!

कविताचं दुखणं परत येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणालेत. तर वचन देते. तिचं मन पुन्हा बुडायला लागलं, तर मी लपवणार नाही. डॉक्टरांकडे नेईन, भाऊंना बोलावेन. माझं बुडालं, तरीही सांगेन. कायदा होईल त्या दिवशी दोघी वडगावच्या कचेरीत लग्नाची सही करायला जाऊ. किती वर्षं लागतील, ठाऊक नाही. तोवर जगू. भांडू, जेवू, म्हाताऱ्या होऊ.

तुमचीच लेक,
वैशाली