भट्टीची झळ

आई, लेक आत झोपली आहे आणि मी नुकतीच शिवणाच्या टेपनं तिच्या दोन्ही पोटऱ्या मोजून आले. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "मम्मी, पायाला ब्लाउज शिवतेस का?" दोन्ही पाय सारखेच भरले. तरी टेप मी जागेवर ठेवलेली नाही, इथंच टेबलावर आहे, कारण चहाच्या वेळी पुन्हा मोजणार हे मला माहीत आहे. तिला सातवा महिना लागलाय. उद्या सकाळी सोनोग्राफी आहे. नाळेतून बाळाकडं रक्त नीट जातंय की नाही ते त्यात कळेल. जात असलं तर आणखी थोडे आठवडे थांबता येईल. नसलं तर बाळाला लगेच बाहेर काढावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाचं पुढं काय, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. सकाळपासून मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावर गार होऊन गेला. म्हणून तुला लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आज मी तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, पण घाबरल्यावर तुझीच आठवण येते, त्याला काय करणार?

तू मला आठवतेस ती भट्टीपुढं बसलेली. भूमजवळच्या आपल्या त्या गावात घरटी खव्याची भट्टी. सकाळी दूध येतं, आबा कढई चढवतात आणि तू लोखंडी उलथनं घेऊन बसतेस, ती दूध आटून त्याचा गोळा होईपर्यंत उठत नाहीस. हात थांबला की खवा तळाला लागतो आणि करपलेला खवा व्यापारी परत पाठवतो, म्हणून कुणी हाक मारली तरी तू मान न वळवता ओ देतेस. शाळेतून आले की मी शेजारी बसून कढईच्या कडेची खरवड खाते. तुझे गाल लाल असतात, नाकाच्या दोन्ही बाजूंना सारखे, आणि बोटांचे सांधे सुजलेले. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. भट्टीवरच्या कुठल्या बाईचं तोंड लाल नसतं? "झळ लागलीय," तू म्हणायचीस आणि खोबरेल चोळायचीस. हात दुखतात ते उलथन्यानं, दमतेस ती कामानं. माझ्यामागून तीन बाळं पोटात वाढली आणि पोटातच गेली, तीसुद्धा धगीनं. सगळ्याला कारण म्हणून भट्टी समोर होतीच, मग दुसरं कारण शोधतं कोण?

तिसरं बाळ गेलं तेव्हा आबांनी तुला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद बघून आबांना बाजूला घेतलं, पण मला ऐकू येऊ नये इतकं काही हळू त्या बोलल्या नाहीत. रक्तात वाईट रोग निघालाय, बाहेरख्यालीपणातून होतो तो, असं त्या म्हणाल्या. आबांचंही रक्त घेतलं, ते स्वच्छ निघालं. मग दोष कुणाचा, हे ठरवायला कुणाला फार वेळ लागला नाही. परतीच्या एसटीत तुम्ही दोघांनी मला मध्ये बसवलं.

घरी आल्यावर तुझं ताट, तांब्या वेगळा झाला. तुला इंजेक्शनं सुरू झाली, आणि आबांनी तुला भट्टीवरून उठवलं. "लोकांच्या तोंडात जातो खवा. हात लावू नको." तू दारातच उभी राहिलीस. "म्या काय बी केलं न्हाय. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगते." आबांनी ऐकलं नाही. तू मात्र रोज सांगायचीस, भाकरी वाढताना, पाणी देताना, कधी त्यांच्या पाठीला उद्देशून. त्यांनी तुला रानात धाडलं, भर उन्हात खुरपायला. भट्टी सुटून महिने झाले तरी तुझे गाल लालच राहिले, उलट उन्हानं लाली कपाळापर्यंत चढली. "बघ, रोग वर यायलाय," आबा म्हणाले. ह्याचा मला आजही संताप येतो. आगीपासून उठवलेल्या बाईला झळ लागते कुठून, एवढा साधा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही. मलाही पडला नाही, पण मी बारा वर्षांची होते.

दिवाळीनंतर तुझा डावा पाय सुजला. तेल लावून चोळला, विटेनं शेकला. दोन दिवसांनी सकाळी चुलीपुढं बसल्या जागी तुझा श्वास अडकला आणि कुणी गाडी आणायच्या आत तू गेलीस. रोगानंच नेली, असं सगळे म्हणाले. खरंच होतं ते, फक्त रोग दुसरा होता.

पुढं मी शिकले आणि इथं धाराशिवला एका प्रयोगशाळेत लागले. आमचं संशोधन चालतं ते अशाच बायकांवर. कळंबहून, लोहाऱ्याहून, कुठून कुठून येतात, कुणाची दोन बाळं गेलेली, कुणाची चार. ल्युपस नावाचा आजार आहे. त्यात शरीराची राखण करणारे रक्तातले घटकच आपल्याच शरीरावर उलटतात. त्यांतल्या काही बायकांचं रक्त फार विचित्र वागतं. काचेच्या नळीत ते उशिरा गोठतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं पातळ आहे. अंगात मात्र तेच रक्त नको तिथं गोठतं. पायात, फुप्फुसात, आणि पोटुशी असली तर नाळेच्या मुळाशी, वारेत, म्हणजे बाळाची वाटच बंद. गालावर ती लाली येते, ऊन सोसत नाही. आणि तुला ज्या तपासणीनं बदनाम केलं, तिच्यात एक स्निग्ध पदार्थ वापरतात. ह्या बायकांच्या रक्तातले घटक नेमके त्यालाच जाऊन चिकटतात, म्हणून तो वाईट रोग नसतानाही कागदावर रोग आहे असं येतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जिन्यात जाऊन बसले होते. पण तुझं रक्त कुठं होतं तपासायला? माझं तपासलं, त्यात काहीच नव्हतं. नुसत्या अंदाजावर आबांना काय सांगणार? गप्प बसले, ती कितीतरी वर्षं.

गेल्या वर्षी लेकीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. असं होतं कधीकधी, असं सगळे म्हणाले आणि मीही तेच म्हणाले, कारण दुसरं काही मनात आणायची माझी तयारी नव्हती. ह्या खेपेला दिवस राहिल्यावर कळंबला तिच्या सासरी रक्त तपासलं आणि विहीणबाईंचा फोन आला. "बाई, तुमी आधी इकडं या. फोनवर बोलायची गोष्ट न्हाय ती." मिळेल ती एसटी धरून गेले. जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. त्यांचं रक्त स्वच्छ होतं. विहीणबाईंनी कागद पुढं केला. "तुमी शिकलेल्या. तुमीच वाचा अन तुमीच सांगा आमी काय समजायचं." मागच्या खोलीत लेक खाली बसली होती आणि तिच्याजवळ तिचं एकटीचं ताट होतं. मला बघून ती म्हणाली, "मम्मी, मी काही केलं नाही गं."

आई, मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि विहीणबाईंना म्हटलं, थोडे दिवस द्या, त्याआधी माझ्या पोरीला कुणी एक शब्द बोलायचं नाही. तिला घेऊन आले. त्या वाईट रोगाची जी दुसरी, नेमकी तपासणी असते ती केली, तर स्वच्छ. मग आमच्याच प्रयोगशाळेत ते चिकटणारे घटक तपासले. नळी माझ्या हातात द्यायला सहकारी तयार नव्हती, स्वतःच्या पोरीचं रक्त स्वतः तपासू नये म्हणाली, आणि बरोबरच होतं तिचं. रिपोर्ट आला. घटक होते, आणि चांगले भरपूर होते. त्या दिवसापासून रोज सकाळी मी लेकीच्या पोटावर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देते. रिपोर्ट कळल्यावर विहीणबाई शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन स्वतः येऊन गेल्या. "चुकलं आमचं," एवढंच म्हणाल्या आणि सुनेच्या पायाशी बसून राहिल्या. पाय दाबायला त्यांनी हात पुढं केला, तर मी झडप घालून तो धरला; तुझा चोळलेला पाय आठवला, पायातली गुठळी अशीच सुटून छातीत जाते. त्यांना वाटलं असेल, अजून राग गेलेला नाही.

आबांना सांगायला मी गावी गेले. ऐंशीला आलेत, अंगणात खाटेवर बसलेले असतात, भट्टी आता धाकटे काका बघतात. मी सगळं समजावून सांगितलं, नळी, नाळ, गालावरची लाली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे तिला तसलं काय न्हवतं?"

"नव्हतं, आबा." प्रयोगशाळेत इतकं ठाम विधान मी कुणाला करू दिलं नसतं. पुरावा म्हणजे काय, तर नातीचं रक्त आणि एका लहान मुलीच्या आठवणी. पण मी म्हटलं.

"मंग तिनं तवाच का न्हाय सांगितलं?"

"सांगत होती, आबा. रोज सांगत होती."

"व्हय," ते म्हणाले, "सांगत व्हती." मग मला म्हणाले, "तुझ्या पोरीकडं नीट बघ. ती काय म्हणली तर ऐकत जा तिचं." मी हो म्हटलं.

लेकीचं ऐकतेय, तिच्या पोटाचंही ऐकतेय. सकाळपासून बाळ जरा कमी हललं असं मला वाटतं. ती म्हणते, नेहमीएवढंच. इंजेक्शनांनी तिचं पोट ठिकठिकाणी निळं पडलंय, आता सुई टोचायला चांगली जागा शोधावी लागते. बाहेरच्या बायकांना मी काय सांगते माहीत आहे? औषध घेतलं तर बहुतेकींची बाळं नीट होतात, काळजी करू नका. हे खोटं नाही, आमच्या कामातून हेच दिसतं. पण माझ्या घरात आल्यावर त्या 'बहुतेक' शब्दानं मला धड जेवू दिलेलं नाही. ज्यांची होत नाहीत त्यांचेही चेहरे मी बघितलेत ना. तुझ्याजवळ बघायला फक्त भट्टी होती, माझ्याजवळ सगळे आकडे आहेत, आणि भीती तेवढीच.

आत पलंग वाजला, ती उठली वाटतं. हे पत्र तिच्या हाती लागण्याआधी मी फाडून टाकणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते, जी तिला कधीच सांगता येणार नाही. तिचा रिपोर्ट आला तेव्हा भीती नंतर आली, आई. आधी आनंद झाला. माझ्या पोरीच्या रक्तात ते सापडलं आणि मी तिथं टेबलाला धरून हसले, कारण तू खरं बोलत होतीस.