दगडाचे पांढरे डाग

ती. आत्या,

तुला कमरेतून वाकून नमस्कार (कोपरापासून नव्हे, तसा करायचं दोन दिवस मनात होतं, पण आता राग उतरला आहे). गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सगळे ठीक. तू आठ दिवस राहून गेलीस तेव्हापासून घर इतकं स्वच्छ आहे की माझ्याच घरात चप्पल कुठे काढावी ते मला कळत नाही. नळ चकाकताहेत. दगडही चकाकला. त्या दगडाबद्दलच लिहायला बसलो आहे.

तू आल्या दिवसापासून विचारत होतीस की मी नक्की करतो काय. "धूर जमिनीत पुरतोस? आणि तो दुसरीकडून वर नाही येत?" हे तू एकूण अकरा वेळा विचारलंस आणि दर वेळी माझ्या उत्तरानंतर "बरं" म्हणालीस. तुझं "बरं" मी लहानपणापासून ओळखतो. (पाचवीत गणितात पास झालो असं सांगितलं तेव्हाही तू "बरं"च म्हणालीस, आणि दुपारी शाळेत जाऊन आलीस.) म्हणून पुन्हा एकदा सांगतो. कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड आम्ही वेगळा काढतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा पाण्यात विरघळवतो आणि ते पाणी अर्धा किलोमीटर खोल बोअरमधून खाली सोडतो. खाली काळा दगड आहे, कोणे एके काळी वाहून थंड झालेल्या लाव्हाचा, बारीक बारीक छिद्रांचा. त्या पाण्याने दगडातलं कॅल्शियम सुटतं, वायूशी जुळतं आणि दोनेक वर्षांत छिद्रांमध्ये पांढरे खडे धरतात. वायू वर येणार कसा? त्याचाच दगड झालेला असतो. माझं काम पंपाच्या शेडमध्ये बसून दाबाचा काटा पाहायचं. काटा हलला की फोन करायचा. तीन वर्षांत तो एकदाच हलला, तोही मी टेकलो म्हणून.

तुझी खात्री पटावी म्हणून शेवटी मी पुरावाच घरी आणला. दोन वर्षांनी खालून खोदून काढलेला नमुना. लाटण्याएवढा लांब, मनगटाएवढा जाड, काळा कुळकुळीत, आणि अंगभर पांढरे ठिपके. असे सहा तुकडे निघाले होते, त्यातला हा सगळ्यात देखणा. (परवानगी घेतली नव्हती. एका रविवारासाठी कोण परवानगी घेतं?) तू चष्मा लावून पाहिलास आणि म्हणालीस, "डाग पडलेत रे याला."

त्यानंतर मी सामान आणायला बाहेर गेलो. (हे महत्त्वाचं आहे.) तेवढ्यात तू संडास धुवायची अ‍ॅसिडची बाटली घेऊन बसलीस. मी परत आलो तेव्हा दगड खिडकीत वाळत होता, नव्या फळ्यासारखा काळा, आणि तू खुशीत होतीस. "काय फेस येत होता म्हणून सांगू! किती मळ तो!" आत्या, तो मळ नव्हता. बावीस माणसांनी मिळून जे पाताळात गाडलं होतं, ते तू पाच मिनिटांत न्हाणीघराच्या खिडकीतून मोकळं केलंस.

सोमवारी या कामाला पैसे पुरवणारे तीन पाहुणे नमुने पाहायला येणार होते. त्यांना पटलं नाही तर पंप बंद आणि आम्ही बावीस जण घरी. मी सकाळीच तुकडा गुपचूप पेटीत ठेवला. पण दगडवाल्या बाईंनी (आमच्या भूगर्भतज्ज्ञ, दगडांशी जास्त बोलतात, माणसांशी कमी) पेटी उघडली आणि म्हणाल्या, "हा आपला नाही." मग त्यांनी तो नाकाशी नेला. "अ‍ॅसिड?" मी सगळं ओकून टाकलं. साहेबांचा चेहरा लाल होत होत कानापर्यंत गेला आणि ते तोंड उघडणार, तोच पाहुणे दारात.

बाईंनी काय करावं? टेबलावर पोतं अंथरून त्यावर दगड ठेवला आणि पाहुण्यांच्या देखत हातोडा हाणला. दोन तुकडे झाले. आत ठिपकेच ठिपके! तुझं अ‍ॅसिड वरवरच पोचलं होतं. एका पाहुण्याने शंका काढली, की हे पांढरं म्हणजे तुम्ही खाली सोडलेला वायूच, हे कशावरून? बाई माझ्याकडे वळल्या. "बाटली आण." मी ऑफिसच्या संडासातली बाटली आणली. दोन थेंब पडले, फस्सकन फेस आला आणि तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"हा तोच वायू," बाई म्हणाल्या. "कालच एका वडीलधाऱ्या बाईंनी स्वतंत्रपणे हीच तपासणी केली आहे."

पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. आम्हाला आणखी दोन वर्षं मिळाली. तेव्हा आत्या, तुझे आभार. हे मी दातओठ न खाता लिहितो आहे. गुडघ्यांना जप.

तुझा,
भाचा

ता. क. साहेबांना फाइलला लावायला तुझा लेखी जबाब हवा आहे. नमुना घरी नेऊन त्याची ही गत झाली, याबद्दल मला नोटीस द्यायची की नाही ते त्यावरून ठरेल. वर लिहिलंय तेच तुझ्या अक्षरात उतरवून पाठव. मी सामान आणायला गेलो होतो, हे दोनदा आलं तरी चालेल.

ता. क. २ बाटली वरच्या फळीवर असते आणि तुझा हात तिथवर पोचत नाही, हा तपशील जबाबात नको.

ता. क. ३ आत्याबाई, पाकीट मी चिकटवते आहे, म्हणून दोन ओळी माझ्या. जबाब खरा तोच लिहा. तुम्ही "घासू का रे?" म्हणून विचारलंत, तेव्हा हे "घास की" म्हणाले, बाटली काढून दिली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाले, "अगं, ती दगड धुतेय. तू जाऊन थांबव ना तिला!" मीही गेले नाही.