पाठीशी बसणारी

आये, तुझ्या अपमानाचा सूड घेतला. आज भर दुपारी, कासारवाडीच्या माझ्या चाळीत, खुर्ची टाकून, चहा पीत. तेच सांगायला बसलोय.

तुला बाळंतपणाला बोलवायचे ते नाळ कापायला नाही. त्याला सुईण वेगळी असायची. तू पाठीशी बसायचीस. भिंतीला टेकून पाय पसरायचीस, अडलेल्या बाईची पाठ आपल्या छातीवर घ्यायचीस आणि तिच्या श्वासाबरोबर श्वास सोडायचीस. कानांनी तू अधू, पण तिची कळ तुला छातीनं कळायची. "घाल शिव्या," म्हणायचीस, "नवऱ्याला घाल, सासूला घाल. मला बहिरीला काय ऐकू येतंय?" चाकणच्या आसपासच्या बाया तुझ्याच नावानं हटून बसायच्या त्या यासाठी. पोटातलं सगळं बोलावं आणि ते कुठं जाऊ नये, अशी दुसरी जागाच नव्हती त्यांना.

पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता, त्या साली पाटलाची सून अडली. तू तिच्या पाठीशी, मी अंगणात, पाटलीण दारात. आणि आतून सून ओरडली, "हिनं मला भरल्या दिवसांत उपाशी ठिवलं!" अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. पाटलीण आत शिरते, तुझ्या दंडाला धरून तुला फरफटत बाहेर आणते. "भाईर हो! माझ्या घरातलं ऐकाया बसलीस व्हय गं?" साऱ्या गावात न ऐकणारी तू एकटी, आणि ऐकलं म्हणून तुलाच हाकललं. तू लगेच घरी आली नाहीस. त्यांच्याच घराच्या मागच्या बाजूला जाऊन मातीच्या भिंतीला तळहात लावून बसलीस. सून दिवस मावळायच्या आत गेली, पोरगं तेवढं जगलं. पाटलिणीनं गावभर केलं, "तिचा पायगुणच वाईट." त्यानंतर तुला कुणी बोलावलं नाही. शेवटच्या आजारात तू उशी छातीशी धरून तसाच श्वास सोडायचीस, ते मी बघितलंय.

पुढं पाटलाची जमीन कंपन्यांत गेली, पैसा उडाला. ते वाचलेलं पोरगं आता बायको आणि म्हातारी आजी, तीच पाटलीण, घेऊन माझ्याच चाळीत राहतं. खोली मीच दिली, हसत हसत. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. मी वाट बघत होतो, आये! आज नातसून भाजीला निघाली. "काका, जरा बसता का आजींपाशी?" बसलो की. दाराबाहेर. म्हातारी खाटेवरून हाका मारत होती, "कुनी हाय का? पानी द्या... पाठीला जरा हात लावा..." माझे कान अजून तिखट आहेत. एकेक हाक ऐकली आणि चहाचा एकेक घोट घेतला. इतका गोड चहा कधी प्यालो नव्हतो.

नातसून परत आली. "आजी बोलवत होत्या का हो, काका?"

"न्हाई," म्हटलं.

आणि बशी खाली ठेवली. हा शब्द मी आधी एकदा, याच तोंडानं, एवढ्याच सहज काढला होता. त्या दिवशी तू भिंतीला हात लावून बसलीस, वर बघून मला विचारलंस, "बोलावती का रं?" आत सून तुझ्या नावानं "मावशे, मावशे" करत होती. मला कारखान्यात चिकटवायचा शब्द पाटलानं दिला होता. त्याच्या भिंतीशी तू बसलेली त्याला दिसू नयेस, एवढंच माझ्या डोक्यात. मी हातवारे करून सांगितलं, "न्हाई आये, निजली. चल घरला." माझ्या कानांवर भरवसा ठेवून तू उठलीस. ती नोकरी मिळाली. ही चाळ त्यातूनच उभी राहिली.

हा कागद खिशातच राहील, धाडणार तरी कुठं? पण तू विचारलं होतंस, म्हणून सांगतो. बोलावत होती, आये. तुलाच बोलावत होती.