तानबाची तिसरी टेप

५ जानेवारी २०२५, रविवार
मिळाल्या! स्पूलच्या पाच टेपा, आष्टीतल्या कापडदुकानाच्या माळ्यावर, साबणाच्या खोक्यात! खोक्यावर मोतीलालजींचं अक्षर: ‘तानबा, १९७४’.

जुन्या भजनांच्या माझ्या संग्रहासाठी सहा वर्षं शोधत होते. तानबा नेहारेनं आमच्या भागात भजनात पहिल्यांदा बेंजो आणला (बुलबुलतरंगाला इथं बेंजोच म्हणतात) आणि असा वाजवला की पार आर्वीपर्यंतची मंडळं त्याची नक्कल करायला लागली. पण त्याच्या हातचं एकही रेकॉर्डिंग कुणाकडे नव्हतं. मंडळ मोतीलालजींचं, टेपरेकॉर्डरही त्यांचाच. तानबा आणि मोतीलालजी, दोघंही आता नाहीत. दुकान मोतीलालजींचा मुलगा भूपेंद्र बघतो.

त्यानं खोकं माझ्या हातात दिलं, पण सोडलं नाही. “एक शर्त आहे, मॅडम. तिसऱ्या टेपच्या शेवटी बाबूजी बोलतात. तेवढं काढून टाकायचं. कोणाले ऐकवायचं नाई.”

हो म्हटलं. लगेच! कारणही विचारलं नाही.

७ जानेवारी
पहिली टेप दोनदा तुटली. मशीन मुकेशचं, रेडिओ दुरुस्तीवाल्याचं. “हात नका लावू मॅडम, पापड झाला टेपचा.” त्यानं जोडून पुन्हा लावली. आणि मग एकदम — बेंजो! काय बोटं होती त्या माणसाची! कॉलेजच्या लायब्ररीत कामावर दिवसभर तेच कानात.

९ जानेवारी
तिसरी. शेवट ऐकायचा नाही असं ठरवलं होतं. ऐकला.

भजन संपतं. कुणीतरी खोकतं. मग मोतीलालजी: “तानबा, हा बेंजो आजपासून मंडळाचा नाई, माहा नाई. तुले देला.” बस. वीस सेकंद.

आणि पन्नास वर्षं सगळी आष्टी सांगते — तानबा मंडळाचा बेंजो चोरून पळाला! मीसुद्धा माझ्या टिपणात तेच उतरवलंय. त्याची बायको वच्छलाबाई इथं नालवाडीत लेकीकडे राहते. लग्नाकार्यालाही आष्टीत पाय टाकत नाही. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर!

१० जानेवारी
भूपेंद्रला फोन केला. त्याला सगळं माहीत आहे. तानबा दुसऱ्या मंडळात वाजवायला गेला, मोतीलालजींनी रागात चोर म्हटलं, मग शब्द मागे घेतलाच नाही. “बाबूजींचा फोटो लागला आहे मंदिरात. मेलेल्या माणसाले काऊन उघडं पाडता? तुम्ही जबान दिली मॅडम!”

दिली होती. कॉम्प्युटरवर उतरवलेल्या तिसऱ्या टेपमधून तेवढे वीस सेकंद कापले. मूळ फाइल मात्र पुसली नाही. का, ते मलाच कळत नाही.

११ जानेवारी
जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
वच्छलाबाईंकडे गेले. निदान नवऱ्याचा हात तरी ऐकू दे त्यांना — अशी मनाची समजूत घालून. घेऊन गेले ते कापलेलंच.

भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. बोटं लुगड्यावर चालत होती. तिसरी टेप थांबली तसे डोळे उघडले.

“बंद काऊन केली?”

“संपली, आजी.”

“नाई संपली. इथं मोतीलालजी बोलले होते. मी चहा घेऊन तिथंच उभी होती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमीबी?” एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! उठून आत गेल्या. लेक म्हणाली, “या आता, मॅडम.”

लाज वाटते. संग्रह करते म्हणे मी!

१३ जानेवारी
सुट्टी टाकली, पहिल्या बसनं आष्टी. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी बोलले. “मी शब्द मोडतेय, भूपेंद्रजी. वच्छलाबाईंना पूर्ण टेप ऐकवणार. तुमच्या टेपा परत घ्या.”

तो लालबुंद. “चालते व्हा!”

“बाबूजी बोलले तेव्हा त्या तिथं हजर होत्या. आपल्या कानांनी ऐकलंय त्यांनी. पन्नास वर्षं त्या गप्प आहेत, कारण त्यांचं एकटीचं कोण खरं मानणार?”

हे त्याला माहीत नव्हतं. चेहराच उतरला. “हजर होत्या?” एवढंच विचारलं. मग टेपा उचलून आत गेला आणि भरदुपारी शटर ओढलं.

परतताना बसमध्ये रडू आलं. टेपा गेल्या. जाळल्याही असतील. आणि फाइल घेऊन त्या दारात उभं कुठल्या तोंडानं राहू?

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी सातला भूपेंद्रचा फोन. “मॅडम, टेपा घेऊन नालवाडीत आलो आहे. वच्छलाबाईच्या दारासमोर. अर्धा तास झाला, आत जायची हिंमत नाई होऊन राह्यली. तुम्ही येता का?”

निघते.