टोपीवाला आणि बुधवारची समिती

जुबैल, सौदी अरेबिया,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय उदयकाका,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. काकूचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे उन्हाळा सरला. संध्याकाळी मैदानावर चक्क वारा असतो.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपला टोपीवाला मॅनेजर पहिल्या दिवसापासून स्वतः संघ निवडायचा. ते चूक आहे. मी नुसत्या आठवणीवर लिहिलं. तुम्ही नाशिकला परतताना इथे ठेवून गेलात ते जुन्या इंग्लिश फुटबॉलचं पुस्तक काल पुन्हा काढलं. तो क्लबात आला सेक्रेटरी म्हणून. पत्रं लिहायची, खेळाडूंची रेल्वेची तिकिटं काढायची, पावसानंतर मैदान खेळण्याजोगं आहे का ते बघायचं. अकरा जण ठरवायची समिती. त्यात एक गिरणीमालक, एक डॉक्टर, एक दारूच्या गुत्त्याचा मालक. त्यांनी ठरवलेली नावं हा कित्येक वर्षं फळ्यावर लावत राहिला.

शाळेत जागा मिळेपर्यंत तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर भागाकार शिकवलात, तो त्याच्याच क्लबाच्या गोलांवर. तो मला घरचाच वाटतो. म्हणून चूक जास्त लागली.

दुसरी दुरुस्ती माझ्याबद्दल. मुलींच्या संघाची मॅनेजर झाले असं कळवलं होतं. नाव तेच आहे. मैदान मी ठरवते, सगळ्यांच्या इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या, प्रती मी जमवते, बसवाल्याला फोन मी करते. संघ मात्र ठरतो बुधवारी संध्याकाळी, आमच्या हॉलमध्ये. तीन खेळाडूंचे वडील आणि एकीचा नवरा बसतात, आई बटाटेवडे तळते, आणि दुसरा घाणा येईपर्यंत अकरा नावं झालेली असतात. बसलेल्या प्रत्येकाच्या घरची एक जण त्यात असते. मैमुनाचे अब्बा नसरुद्दीनभाई त्या वेळी प्लांटवर शिफ्टला असतात. मैमुना बाकावर असते.

खरं तर ती आमची सगळ्यात चांगली गोलकीपर. जी खेळते ती उंच चेंडूला डोळे मिटते. साखळीतले दोन सामने त्यातच गेले. शुक्रवारी दम्मामच्या मुलींशी अंतिम सामना आहे, आणि मैमुना पुढच्या महिन्यात कॉलेजसाठी कायमची हैदराबादला चालली आहे. तिला दुसरी संधी नाही.

मी समितीच्या अध्यक्षांना म्हटलं, “या वेळी गोलकीपर बदलू या.”

“बसचं आणि मैदानाचं तू बघ,” ते म्हणाले. “संघ आम्ही बघतो. आणि चटणी इकडे सरकव.”

अध्यक्ष म्हणजे बाबा. हे मागच्या पत्रात लिहायचं मी टाळलं होतं. गोलकीपर कोण, तेही. आमच्याच घरची अमिता.

काल सराव संपल्यावर तिला बाजूला घेतलं. मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते. तिने पहिलंच अर्ध्यात तोडलं.

“आय नो, ताई. चेंडू वर आला की मला फक्त माझं नाक दिसतं.” तिने खाली वाकून बुटाची नाडी सोडली. “मैमुनाला मी सांगू? माझ्याकडून ऐकलं तर माझी जागा घेतल्याचं तिला वाईट वाटणार नाही. पण बाबांना तू सांग हं. वडे खाऊन झाल्यावर.”

टोपीवाल्याचं पुढचं प्रकरणही नीट वाचलं. एके दिवशी त्याने समितीला सांगितलं, संघ मी निवडेन, नाहीतर तिकिटं काढायला दुसरा माणूस बघा. संघातून पहिलं नाव त्याने वगळलं ते अध्यक्षांच्या जावयाचं. त्यानंतरचा सामना तो हरला. हेही मी सांगितलं नव्हतं. पण तो टिकला, आणि त्यानंतर नावं त्याचीच लागली.

बाबा तुम्हाला फोन करतील. माझी बाजू घेऊ नका. टोपीवाल्याची गोष्ट निघालीच तर खरी तीच सांगा, हरलेल्या सामन्यासकट.

मला भीती वाटत नाही असं लिहिलं तर तिसरी दुरुस्ती करावी लागेल. पण माझं ठरलं आहे. अमिता म्हणते तसं वडे संपायची वाट मी बघणार नाही. पहिला घाणा कढईत पडायच्या आधी बाबांसमोर उभी राहीन आणि अकरा नावं वाचेन.

तुमची श्रुती,
बुधवार, ५ नोव्हेंबरपासून मॅनेजर